चालून दाखव

काल दवाखान्यात मला "चालून दाखवा" म्हणाले. हे पहिल्यांदा ऐकलं ते मला बघायला पाहुणे आले तेव्हा. पोरीच्या पायात खोट नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्या दिवशी अंगठ्याला ठेच लागली होती, पण आईने डोळे वटारले आणि मी ताठ चालले.

आता माझ्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे. दोन तऱ्हेच्या सांध्यांपैकी म्हाताऱ्या माणसाला कोणता बरा, याचा अभ्यास तिथे चालू आहे. बघायला तिघे होते. हाडांचे डॉक्टर, सांधा घडवणारा इंजिनिअर आणि पायावर भार कसा पडतो ते मोजणारी फिजिक्सची मुलगी. मी पदर सावरला, दात आवळले आणि त्यांच्या भार मोजायच्या फळीवरून ताठ चालले.

मुलगी म्हणाली, "आजी, घरीपण अशाच चालता?"

"घरी कोण बघतंय?"

डॉक्टर हसले. "आम्हाला घरातलंच चालणं हवंय. लंगडत असाल तर लंगडा. तुम्ही लपवलंत तर वाईट सांधाही पास होईल, आणि तोच पुढच्या आजीला बसेल."

मग मी लंगडले. तिघे वाकून माझा पाय बघत राहिले. नाक कुणी मुरडलं नाही. कुठे दुखतं, तेवढं विचारलं. खोट दिसल्यावर जवळ येणारी माणसं मला या वयात भेटली.

इंजिनिअर म्हणाला, "आजी, अजून एकदा चालाल?"

म्हटलं, "संध्याकाळपर्यंत चालव, बाबा."