मंगळूमामांची वळणाची चाल

दुसरी टेकडी उतरून ओहोळाशी आल्यावर तृप्तीने चपला हातात घेतल्या आणि पुढे चाललेल्या मंगळूमामांना विचारलं, "मामा, तुमचं 'हे काय समोरच' अजून किती लांब आहे?"

"दिसतंय की. ते मोहाचं झाड."

"ते मघाशीही दिसत होतं."

"मघाशी पण तिथंच होतं, ताई. झाडं कुठं जाणार?"

मागून येणाऱ्या पोरी खुदकन हसल्या. नाशिकच्या शाळेतल्या बँडच्या पोरी त्या. पाच जणींच्या काखेत कापडात गुंडाळलेले बॅगपाईप, दोघींच्या पाठीला ढोल. फाट्यापुढे रस्ता खचला होता म्हणून जीपवाल्याने तिथेच उतरवलं होतं, आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या करंजपाड्यापर्यंतची सगळी वाट आता पायी होती. नागलीची कापणी झालेली. उघड्या शेतांवरून वारा मोकळा सुटला होता.

मंगळूमामांची बायको तानुबाई सगळ्यांच्या पुढे. माहेर-सासर एकाच पाड्यातलं, त्यामुळे तिच्या पायांना वाट विचारावी लागत नव्हती.

"तुमचे झिपरूकाका काय म्हणतील?" तृप्तीने हळूच विचारलं.

मामांनी आधी ओहोळ ओलांडला. मग म्हणाले, "त्यांनी सांगून ठेवलंय. ओळ वळली तर मानीन. नाय वळली तर पिशवी घेऊन आल्या वाटेनं परत जा."

तृप्तीने मनातल्या मनात सप्तशृंगीला हात जोडले. घरून निघताना जोडले होतेच. पण आईला दोनदा सांगितलं म्हणून ती काही रागवत नाही.

ओळ वळणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मामांच्या पाड्यात कापणीनंतर नाच व्हायचा. मधोमध पावरीवाला उभा. पावरी म्हणजे बांबू आणि वाळलेल्या भोपळ्याचं फुंकायचं वाद्य. बायाबाप्ये एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती ओळीने फिरायचे. चालीत एक खूण यायची आणि ती ऐकून सगळी ओळ एकदम उलट्या दिशेला वळायची. कुणी 'वळा' म्हणून ओरडायचं नाही. कानाने ऐकायचं, पायाने करायचं.

पाड्याचे पावरीवाले म्हणजे मामांचे चुलते झिपरू. त्यांच्यानंतर पावरी मंगळूने धरायची हे ठरलेलंच होतं, कारण गालात वारा धरून न थांबता फुंकणं त्याला लहानपणीच साधलं होतं. पण मंगळू भरतीला गेला. लष्कराच्या बँडमधल्या उस्तादाने त्याचे गाल पाहिले आणि हातात बॅगपाईप दिला, काखेत दाबायची कातडी पिशवी आणि तिला जोडलेल्या नळ्या. मग मंगळूची सगळी उमर मुलखामुलखांत परेडी वाजवण्यात गेली. इकडे झिपरूकाकांचे दात गेले, मग दम गेला, आणि पाड्याचा नाच बंद पडला. सुट्टीवर आलेल्या मंगळूला भावकी टोमणा मारायची, "घरचा भोपळा टाकून गोऱ्याचा बोकड काखेत मारला." तो हसून ऐकून घ्यायचा, पण टोमणा आत जाऊन बसला होता.

पेन्शनीत आल्यावर मामा नाशिकला शाळेत बँड शिकवू लागले. तिथे त्यांच्या मनाने घेतलं की काकांची नाचाची चाल बॅगपाईपवर आणायची. पावरीवर देवापुढे वाजते त्या चालीला हात लावायचा नाही, ती देवाचीच. ही नाचाची, माणसांची. मात्र पोरींना शिकवायची तर कागद हवा. पोरी आज आहेत, उद्या दहावी होऊन जातील. मामांना सूर रेघांवर टिकल्यांनी लिहिता यायचे, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. लिहिलेल्या टिकल्या त्यांच्या त्यांनाच दिसेनात.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ तृप्तीचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, भजनी मंडळाच्या पुस्तिका. २००३ साली एके दुपारी मामा तिथे एक सीडी घेऊन आले. लष्करातल्या त्यांच्या जुन्या साहेबांनी दिलेली. "यात बाजा लिहायची सोय हाय म्हणे," ते म्हणाले.

होतीच. स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या वाद्यांसाठी कुणीतरी मुद्दाम केलेला प्रोग्रॅम तो. पडद्यावर पाच आडव्या रेघा, माऊसने टिकल्या ठेवायच्या, आणि बटण दाबलं की कॉम्प्युटर वाजवून दाखवायचा. खाली बॅगपाईपची ती घुमणारी एकसुरी साथही लावायचा. तृप्ती मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी शब्द अडला तर बटण दाबून काय होतं ते बघायची. पण भजनात पेटी वाजवणारी होती, कान तयार होता.

मामा दुकानातल्या स्टुलावर बसून सरावाच्या नळीवर एकेक तुकडा वाजवायचे, तृप्ती टिकल्या ठेवायची. शेजारचा टायरवाला दारातून डोकावून म्हणायचा, "तृप्तीताई, नाग पाळला काय दुकानात?"

"तुम्हीच या ना दूध पाजायला," तृप्ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची.

पहिल्या आठवड्यात तिने प्रत्येक ओळीनंतर थोडी मोकळी जागा सोडली. मामांनी ऐकलं आणि हात वर केला. "हे मधे काय मेलं?"

"श्वास घ्यायची जागा. भजनात ठेवतो आम्ही."

"पिशवी श्वास घेत नाय, ताई. ती भरलेलीच असते. पावरीला पण थांबा नाय. काका गालातच पिशवी ठेवायचे."

"मग सारखेच दोन सूर लागोपाठ आले तर वेगळे कसे कळायचे?"

मामांनी बोट नळीवर नुसतं फडफडवलं. दोन सुरांच्या मधे डोळा लवावा इतका बारीक सूर चमकला. "याच्याने."

"अहो, हा तर कण." पेटीवर ती असे कण रोज लावत होती. प्रोग्रॅममध्ये त्या बारीक सुरांचे तयार झुपकेच्या झुपके ठेवलेले होते. इतके दिवस ती त्यांना नक्षी समजून सोडत आली होती. त्या दुपारी तिने मोकळ्या जागा पुसल्या, कण पेरले, आणि चाल जिवंत झाल्यासारखी वाजली.

एक घर मात्र सतत लाल दिसत होतं. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला तृप्ती घर म्हणायची. सगळ्या घरांत सारख्या मात्रा, त्या एकातच दोन जास्त. जास्त झालं की प्रोग्रॅम ते घर लाल करायचा. तृप्तीला वाटलं, मामा तिथे जरा रेंगाळले असतील. तिने दोन मात्रा काढल्या. घर काळं झालं. मामांच्या डोळ्यांना ते लाल कधी दिसलंच नव्हतं, आणि कॉम्प्युटरने वाजवलं तेव्हा ते "बरं वाटतंय, पण..." एवढंच म्हणाले. तो 'पण' दोघांनाही सापडेना.

तो सापडला तानुबाईला. भाजीची पिशवी घेऊन ती नवऱ्याला बोलवायला दुकानात आली, आणि चाल ऐकून दारातच थबकली.

"ही आपली हाय ना?"

"तुझे पाय काय म्हणतात?" मामांनी विचारलं.

तानुबाईने पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. टेबल आणि झेरॉक्सचं मशीन यांच्या मधल्या फरशीवर तिने पावलं टाकायला सुरुवात केली. चार पावलं, आठ पावलं, आणि वळायच्या जागी तिचा एक पाय हवेतच राहिला. दुसरा पुढे गेला. ती झेरॉक्सच्या मशीनवर जाऊन आदळली.

"वळत नाय ही," कोपर चोळत ती म्हणाली. "वळायला जागाच ठेवली नाय तुम्ही. पाय फिरवायला वेळ नको का?"

"घर लाल होत होतं म्हणून मीच दोन मात्रा काढल्या, मामा," म्हणत तृप्तीने त्या पटकन परत ठेवल्या. घर लाल झालं. तिने बटण दाबलं. तानुबाई पुन्हा निघाली, आणि त्या लाल घरात अशी गर्रकन फिरली की टेबलावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा तिचं कोपर लागून खाली आला.

मामा बघतच राहिले. "आयुष्यभर वाजवलं ग, पण वळलो नाय कधी. वाजवणारा मधोमध उभा असतो. त्याला कुठं वळावं लागतं?"

"म्हणून बायको लागते," तानुबाई म्हणाली आणि पत्रिका गोळा करायला बसली.

एका घरापुरतं माप बदलायची सोय प्रोग्रॅममध्ये निघाली. तृप्तीने ती शोधली, घर पुन्हा काळं झालं, मात्रा मात्र शाबूत. पहिला छापील कागद तिने दुकानातल्या सप्तशृंगीच्या तसबिरीला टेकवला आणि मगच मामांच्या हातात दिला. पोरींनी तो पावसाळाभर घोटला.

आणि आता मोहाचं झाड खरोखरच समोर आलं होतं.

झाडाखाली बाजेवर झिपरूकाका बसले होते. पाडा गोळा झालेला. बाया तोंडाला पदर लावून पोरींच्या काखेतल्या पिशव्या बघत होत्या. "ह्याला चारा काय घालता ग?" एकीने विचारलं. पुढची पोरगी, चैताली, वाटेतल्या घामाने लाल झालेली. तरी म्हणाली, "वारा, मावशी. नुसता वारा."

मामा वाजवणार नव्हते. तशी काकांचीच अट होती. "तू वाजवशील तर ते तुझ्या तोंडातलं. कागदातलं ऐकायचंय मला," त्यांनी निरोप धाडला होता.

पिशव्या फुगल्या. साथीचे सूर घुमले तशी कुत्री भुंकत पळाली. मग चाल सुरू झाली. एक फेर वाजून गेला. माणसं उभीच. दुसरा फेर आला. कुणी पाय उचलेना. मामांनी मान खाली घातली होती. तृप्तीचे हात पदराखाली जोडलेले.

तानुबाईने शेजारी उभ्या नवसाबाईच्या, म्हणजे तिच्या जावेच्या, कमरेला हात घातला. "ये ग. गुडघे काय चुलीवर वाळवायला ठेवलेत?" नवसाबाई लाजत आली. तिच्यामागे तिचा नवरा. मग एक म्हातारी, मग दोघं भाऊ. ओळ लांबत गेली आणि पोरींभोवती फिरू लागली. पावलं बिचकत पडत होती, कित्येक वर्षांत पडली नव्हती ती.

वळणाचं घर जवळ आलं. तृप्तीला ते कागदावर कुठे आहे ते पाठ होतं, खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडे. चैतालीची बोटं फडफडली, दोन मात्रा जास्तीच्या निघाल्या.

ओळ वळली.

एका माणसासारखी वळली. म्हातारी वळली, भाऊ वळले, नवसाबाईचा नवरा वळला. कुणी कुणाला धडकलं नाही. पोरी शहरातल्या. हे कसं घडलं ते त्यांना कळेना, पण ओळ उलट्या बाजूने आपल्या अंगावर येतेय हे बघून त्यांच्या फुंकरीला दुप्पट जोर चढला. पुढच्या फेरात पुन्हा वळण, पुन्हा ओळ वळली. या वेळी पावलांची धूळ उडाली आणि उभे राहिलेले सगळे ओळीत घुसले.

तृप्तीने काकांकडे पाहिलं. त्यांच्या हातात काही नव्हतं. पण बोळक्या तोंडातले दोन्ही गाल टम्म फुगले होते आणि चालीबरोबर आत-बाहेर होत होते.

चाल थांबली तेव्हा ते मंगळूमामांना म्हणाले, "गालात ठेवायचं ते तू कागदात ठेवलंस. बस इथं." आणि बाजेवर शेजारी जागा केली. भावकीतल्या एकाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो आधी मामांच्या हातात.

मग काकांनी कागद मागितला. मांडीवर पसरला. अक्षर कधी शिकले नव्हते, टिकल्या तर नाहीच. "यात वळण कुठं हाय?"

मामांनी बोट ठेवलं, पण मोतीबिंदूने बोट दोन घरं अलीकडे पडलं. तृप्तीने ते अलगद उचलून जागेवर ठेवलं. काकांनी आपला तळवा त्यावर पालथा घातला, आणि किती तरी वेळ काढला नाही.

परतीच्या वाटेवर ओहोळाशी मामा थांबले. पोरी पुढे गेल्या होत्या, तानुबाईची बडबड दुरून ऐकू येत होती.

"ताई, रंगीत छपाई होते ना तुमच्याकडं?"

"होते. का?"

"मग काकांसाठी एक कागद वेगळा काढा. बाकी सगळं काळंच राहू दे. वळणाचं घर तेवढं ठळक लाल छापा, पयलं होतं तसं. हात कुठं ठेवायचा ते त्यांना कळलं पाहिजे. आणि मला बी."