गोदीत भावाची फजिती

माझा धाकटा भाऊ पाण्याखालच्या निरोपांचा तज्ज्ञ आहे, असं तो स्वतःच सांगतो. तीस वर्षं त्याच कामाचा पगार खातोय, म्हणजे खोटं नसावं. पाण्यात रेडिओच्या लहरी चटकन विरतात, म्हणून निरोप आवाजाने धाडायचा, एवढं त्याने मला समजावलंय. त्यालाही बहुधा एवढंच येतं.

कार्यालयात त्याचा एक हौद आहे. आतून चारही भिंतींना आवाज शोषणारा जाड स्पंज. त्यात त्याचं यंत्र पोपटासारखं बोलतं. पाहुणे चहा पितात, टाळ्या वाजवतात, आणि हा कॉलर ताठ करतो.

यंदा ते यंत्र गोदीत आलं. माझा थोरला मुलगा तिथे पाणबुड्या आहे. वरून क्रेन दगडी ठोकळे सोडते, हा तळाशी राहून ते धक्क्याच्या पायाला बसवतो. इतके दिवस कमरेच्या दोरीला हिसके देऊन त्याला खुणावायचे. आता मनगटावरच्या डबीत शब्द उमटणार होते, 'थांब', 'बाजूला हो'.

थोरल्याने आधी बिनठोकळ्याची चाचणी मागितली. वरून दहा निरोप गेले. तो वर आला आणि आलेले निरोप लिहिलेली पाटी त्याने मामापुढे धरली. सहा चुकलेले. दोनदा तर 'बाजूला हो'च्या जागी 'थांब'.

"आवाज वाढवा," भावाने हुकूम सोडला.

वाढवला. तरी सहाच चुकले.

"अजून वाढवा!"

"मामा, खाली तिन्ही बाजूंना दगडी भिंती आहेत," थोरला म्हणाला. "एकेक शब्द चारचारदा आदळतो. पहिल्याचा घुमारा विरायच्या आत तुमचा दुसरा हजर. तुम्ही ओरडलात की भिंतीही ओरडतात. जरा दमानं पाठवा, मध्ये थांबा."

"तू मला शिकवणार? डुबक्या मारणारा?"

"डोकं माझं आहे ना दगडाखाली!"

भाऊ मुकादमाकडे वळला. "घाबरलाय हो पोरगा. हौदात एक चूक होत नाही."

"मग ठोकळा हौदातच सोडा," म्हणत थोरल्याने पाठीवरची टाकी उतरवली आणि धक्क्यावर बसकण मारली.

मुकादम म्हणाला, "साहेब, तुमचं खोकं गुंडाळा. मी दोरी मागवतो."

तेव्हा कुठे भावाचा चेहरा उतरला. परत पाठवलेलं यंत्र कार्यालयात कोणत्या तोंडाने नेणार? गुपचूप त्याने मदतनिसाला शब्दांमध्ये अंतर टाकायला लावलं. थोरला पुन्हा उतरला. दहाच्या दहा बरोबर. मगच ठोकळा खाली गेला.

अहवालात भावाने लिहिलं, की घुमाऱ्याचा दोष आपण प्रदीर्घ अनुभवाने हेरला. तो वाचून दाखवायला खास घरी आला. थोरला म्हणाला, "असू दे गं आई, निरोप नीट पोचतोय, मला तेवढं पुरे."

त्याचं मन मोठं. माझं नाही. भाऊ म्हणून चहा दिला, पण आणखी घोटभर हवा का, हे काही विचारलं नाही.