अर्धा स्लॅब वरचा, अर्धा खालचा

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. इस्पितळातून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी ते नाव काही सुटलं नाही. सर्जरीच्या वॉर्डात तिने उमेदीची वर्षं काढली, आणि तिथे दोन जातीची माणसं तिच्या डोक्यात जात. एक, दुखतंय कुठे ते न सांगता नुसती कण्हणारी. दुसरी, जखम न बघताच वरून पट्टी गुंडाळून मोकळी होणारी. देवाने तिला मुलगेही दोनच दिले, आणि ते नेमके या दोन जातींत वाटून टाकले.

थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा खालच्या. सिस्टर धाकट्याच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. घर तिनेच बांधलेलं, अजून तिच्याच नावावर. नवरा लवकर गेला, पण तिने कोणापुढे पदर पसरला नाही. स्लॅब टाकला तेव्हा रात्रपाळीहून आल्या आल्या ती पाइप घेऊन वर चढायची आणि उभ्या उभ्या झोप काढत पाणी मारायची. मुलं तेव्हा खाली वाळूच्या ढिगात लोळत होती. सिस्टरच्या मते ती अजूनही तिथेच होती.

तर या स्लॅबला आता म्हातारपण आलं होतं. थोरल्याच्या न्हाणीघराचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून सिस्टरच्या खोलीचं छत आधी ओलसर झालं, मग काळं, मग फुगलं. एके सकाळी ती चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलेली असताना हातभर खपली सुटून थेट तिच्या उशीवर पडली. वर सळया उघड्या पडल्या, गंजून सोललेल्या. सिस्टरने उशी झटकली, खपली उचलून जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ही डोक्यात पडली असती. बघा काय करायचं ते."

बघायला दोघेही तयार होते. करायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. स्लॅबचा वरचा भाग म्हणजे त्याची फरशी, आणि त्याच्या फरशीला काहीही झालेलं नव्हतं. पडलं ते छत, आणि छत खालच्याचं. "पैशाचं नाही रे, तत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणायचा. तत्त्व हा शब्द तोंडात आला की त्याचा हात खिशापासून लांब जातो, हे सिस्टरला तो शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. धाकट्याचं उत्तर तयार होतं. छत माझं, पण पाणी तुझं. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून तो एव्हाना गळतीतला तज्ज्ञ झाला होता, आणि ज्याला त्याला अक्कल पाजळत होता. वीतभर जाडीचा तो स्लॅब या दोन शहाण्यांनी मनातल्या मनात आडवा चिरला, अर्धा वरचा, अर्धा खालचा. घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं. खाली सिस्टर झोपत होती.

शेवटी तिनेच धोशा लावला तेव्हा दोघांना पटेल असा एक कॉन्ट्रॅक्टर सापडला. तो दोघांना का पटला, हे सिस्टरला पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून कळलं. वर तो थोरल्याला सांगत होता, "साहेब, तुमची फरशी एक नंबर आहे. खालच्या प्लास्टरमध्येच दम नव्हता." पाच मिनिटांनी खाली येऊन धाकट्याला म्हणाला, "प्लास्टरचा काय दोष दादा, वरून पाणी आलं तर दगडही कुजतो." जिभेवर साखर, हातात टेप, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "टेन्शन घेऊ नका". असले औषध कंपन्यांचे एजंट सिस्टरने वॉर्डाच्या दारातून हाकलून लावले होते. पण स्लॅबला डॉक्टर कुठून आणणार? तिने याला आत घेतलं.

त्याने छताला हातोडीने ठोकून बघितलं. सगळीकडून बद्द, पोकळ आवाज आला. मग त्याने दोन्ही भावांना खोलीत उभं करून कामाची आखणी सांगितली. थोरल्याने वरून फरशी काढून वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. धाकट्याने खालून सैल झालेलं पाडून नवं प्लास्टर चढवायचं. कामं वेगळी, हिशेब वेगळे, कोणाचं कोणाला देणं नाही. दोघांचे चेहरे उजळले. इतकी समंजस योजना त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

"आणि सळया?" सिस्टर पलंगावरून म्हणाली.

"सळया मधे येतात, सिस्टर."

"म्हणजे?"

"म्हणजे... त्या कोणाच्या हिशेबात धरायच्या, ते यांनी ठरवायचं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर ज्यांच्या जिवावर उभं, त्या सळयाच तेवढ्या बेवारशी! आत पू आणि वरून खालून स्वच्छ बँडेज. वॉर्डात असं कोणी केलं असतं तर तिने त्याला नर्सिंग सोडून भाजी विकायला लावली असती. तिने तिघांनाही असं काही झापलं की धाकटी सून दारात आली आणि तशीच परत गेली. कॉन्ट्रॅक्टर वरमला. सळया घासायच्या, लागेल तिथे नव्या जोडायच्या, खर्च निम्मानिम्मा, असं ठरलं. भावांनी मान हलवली, तीही एकमेकांकडे न बघता.

"मग खाली टेकू लावावे लागतील," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "खोली पूर्ण रिकामी पाहिजे. महिना, फार तर दीड महिना. सिस्टर तोवर कुठे राहतील?"

त्याने हे सहज विचारलं, सामान किती आहे असं विचारावं तसं.

थोरला आधी खाकरला. वर मुलीची परीक्षा होती. शिवाय जिना, आईचे गुडघे. धाकटा म्हणाला, हॉलमध्ये ठेवली असती, पण धूळ किती उडेल, तिला आधीच खोकला. दोघांच्याही आवाजात तिच्याविषयी इतकी काळजी होती की ऐकवत नव्हतं. मग थोरल्याने छताकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. "तसं बघितलं तर एवढी घाई आहे का? पलंग त्या भिंतीकडे सरकवला तर? तिथे चांगला दिसतोय स्लॅब."

"मी तेच म्हणणार होतो," धाकटा म्हणाला.

दोन वर्षांत भावांचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघांनी मिळून पलंगाला हातही घातला.

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. छत माझं, पाणी तुझं, तत्त्व, व्हिडिओ... हे सगळं कशासाठी चाललं होतं ते तिला आत्ता कळलं. स्लॅबचं त्यांना काहीच नव्हतं. दुरुस्ती झाली असती तर दीड महिना आई पदरात आली असती, एवढीच धास्ती होती. तिला राग आला, आणि रागाखाली फार वाईट वाटलं. वाईट वाटल्याचा तिला आणखी राग आला.

"सोडा तो पलंग," ती म्हणाली. मग कॉन्ट्रॅक्टरकडे वळली. "बद्द आवाज फक्त इथेच येतोय?"

त्याने दोघांकडे चोरून बघितलं. "पुढच्या खोलीपर्यंत येतोय, सिस्टर. पण यांनी मला एवढंच बघायला सांगितलं होतं."

"घर माझं आहे. पूर्ण स्लॅब करायचा, वरून, खालून, सळयांसकट. दोन्ही मजले रिकामे करून. माझा फंड अजून शिल्लक आहे, कोणाच्या तत्त्वाला धक्का लागणार नाही."

"दोन्ही मजले?" थोरला ओरडला. "अगं, आम्ही कुठे जायचं?"

"मुलांच्या शाळा आहेत, आई," धाकटा म्हणाला. "एकदम असं भाड्याने कोण जागा देणार? आमचा काही विचार?"

वरून थोरली सून खाली आली, धाकटीही आली. कोणाच्या माहेरी किती खोल्या आहेत, फ्रिज कुठे ठेवायचा, गाडी कुठे लावायची, यावर एकच गलका झाला. सिस्टरला वाटलं होतं, यांची त्रेधा बघून गार वाटेल. थोडं वाटलंही. ती पलंगावर बसून ऐकत राहिली, पुष्कळ वेळ. इतकी डोकी बोलत होती, कोणीतरी चुकून तरी विचारेल म्हणून.

शेवटी कॉन्ट्रॅक्टरच टेप गुंडाळत तिच्याजवळ आला. "सिस्टर, तुमचं सामान कुठे हलवायचं?"

"इस्पितळातली माझी जुनी मैत्रीण एकटी राहते, तिच्याकडे," ती म्हणाली. ती मोठ्याने बोलली होती. पण तिकडे अजून फ्रिजचं चाललं होतं.