कुंडीतली बोरं

"रानवांग्याच्या जातीतलं झाड ते, फळं विषारी. घरात नको हो. पोरीनं तोंडात टाकलंन तर?" शकूआत्या फोनवर म्हणाली होती. शोभेसाठी आणलेली ती कुंडी बाल्कनीत लालबुंद फळांनी लगडली होती. "आत्या, बॉटनी तू शिकलीस की मी?" मी हसण्यावारी नेलं. दिवाळीनंतर आत्या गेली.

दुपार आहे. दीड वर्षाच्या कुहूला थोपटता थोपटता माझाच हात जड होतो. पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"झोपलीस होय गं?"

बाल्कनीच्या दारात आत्या. पदर खोचलेला, चष्मा दोरीला लटकलेला.

"आत्या, तू तर..."

"ते राहू दे. पोरीचं बोरन्हाण केलंत, मला कोणी बोलावलंन नाही."

"परवाच झालं गं. तू असतीस तर..."

तळव्यांना फरशी गार लागते. ही आमच्या कॉलेजची लॅब. सूक्ष्मदर्शकांच्या मधोमध पाट, पाटावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेली कुहू. आत्या तिच्या डोक्यावरून वाटी रिती करते. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे. कुहू बोर वेचते, तोंडात घालते. आम्ही टाळ्या वाजवतो.

"हुशार हो पोर," आत्या म्हणते. "एकदाच शिकवलंत. लाल, गोल काही खाली पडलेलं दिसलं की उचलायचं आणि खायचं. वर टाळ्या!"

माझे हात थांबतात. पाटाभोवती बोरं नाहीतच. कुंडीतली फळं आहेत, गुळगुळीत, अजून घरंगळतायत. कुहूचा एक गाल फुगलेला.

"आत्या, काढ ना ते!"

"माझ्या हातानं आता काय धरवतंय? तुझं बोट घाल. बॉटनी नंतर."

मी बोट घालते. कुहू कचकन चावते.

डोळे उघडतात. बाल्कनीचं दार सताड उघडं. कुहू उशाशी बसून माझ्याकडे टकमक बघतेय. मी तिचं तोंड उघडून बघते, जिभेखालीसुद्धा. काही नाही. माझी उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. उलगडते, तर आत एक लाल फळ. लाळेनं ओलं. साल शाबूत.

कुंडी आता घरात नाही.

तुमच्या घरात लहान मूल असेल, आणि हे वाचताना त्याचा आवाज बराच वेळ आला नसेल, तर उठा. आधी त्याचं तोंड बघून या.