समजून-उमजून, स्वमुखाने

देवावर तुमचा विश्वास आहे, हे तुम्हाला आत्ता, चार माणसांसमोर, न अडखळता सांगता येईल का? आणि नाही सांगता आलं, तर तो विश्वास नाहीच असं आम्ही धरून चालावं का?

आमच्या घरात हा प्रश्न एका वेबसाइटमुळे शिरला. आमची ख्रिस्ती मंडळी जुनी, मराठी, दगडी चर्चमध्ये भरणारी. खराडी-हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या तशी उपासनेला नवी माणसं येऊ लागली. कुणी केरळची, कुणी नागालँडची, वाघोलीत फ्लॅट घेतलेली. त्यांतल्या एका उत्साही मुलाने मंडळीची वेबसाइट फुकट करून द्यायची तयारी दाखवली. तिच्यात ‘आमचा विश्वास’ असं एक पान हवं होतं. तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना आठवलं, की आपलं विश्वासाचं निवेदन, म्हणजे मंडळी काय मानते ते कलमवार लिहिलेलं, मिशनऱ्यांच्या काळातलं आहे आणि आपल्यापैकी कुणी ते पुरतं वाचलेलं नाही. आमच्या पंथाच्या इतर मंडळ्यांतही हीच कुजबुज चालू होती. वरून सुधारणा समिती नेमली गेली, आणि पंचांपैकी एक म्हणून माझे पपा तिच्यात गेले.

पपांशिवाय घेणार तरी कुणाला? कंपनीने स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारल्यापासून ते बसथांब्यांवर हस्तपत्रकं वाटत उभे असत. लिहायचे मात्र पहिल्यापासून, आणि स्वतःच. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘तुमचा आत्मा कुठे जाणार?’ असल्या मथळ्यांवर. शेवटी पोटही पत्रकांवरच भरू लागलं. बुधवार पेठेत डीटीपीच्या एका दुकानात मी दिवसभर लोकांची पत्रकं जुळवते.

मसुदा टाइप करायला साहजिकच माझ्याकडे आला. सभासदत्वाचं कलम पपांनी लिहिलं होतं. जुनं कलम म्हणायचं, ज्याचा बाप्तिस्मा झाला आणि ज्याला मंडळीने स्वीकारलं, तो सभासद, त्याला प्रभुभोजन. नवं म्हणत होतं, ‘जो आपल्या पापाची जाणीव होऊन, समजून-उमजून, स्वमुखाने ख्रिस्ताला कबूल करतो, तोच.’ मी ‘स्वमुखाने’पर्यंत आले आणि हात थांबले.

माझी मोठी बहीण, ताई, तिशी ओलांडलेली. तिला किती समजतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलेलं नाही. बोलते ती चार-दोन शब्द. आई. चहा. नको. माझं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे काचेचे पेले तबकातून बाकाबाकावर फिरतात. तबक आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच ताईचा हात पुढे असायचा. नंतर रिकामे पेले गोळा करायचं काम तिचं. ते तिला कुणी दिलं, की तिनेच घेतलं, कुणाला आठवत नाही. एखाद्याने तळाशी थेंब ठेवला, तर तो पिईपर्यंत ती त्याच्यापुढून हलायची नाही. पाळकसाहेबांनाही तिने असं ताटकळत ठेवलं आहे.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, “पपा, या कलमात ताई कुठे बसते?”

“तुला टायपिंग दिलंय की धर्मशास्त्र?” पपा म्हणाले. मग मसुदा मागून घेतला आणि ते कलम पुन्हा वाचलं.

त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते कलम त्यांनी लिहिलं होतं ते नाताळला नवे कपडे घालून उगवणाऱ्यांसाठी, चर्च म्हणजे लग्नाची आणि दफनाची सोय एवढंच मानणाऱ्यांसाठी. आमचे आजोबा बाजारात हाती आलेल्या एका पत्रकावरून ख्रिस्ती झाले, आणि भावकीने त्यांचं पाणी तोडलं. पपांच्या लेखी विश्वास म्हणजे उभं राहून बोलणं. वारशाने सातबारा मिळतो, विश्वास मिळत नाही, असं ते नेहमी सांगायचे. मी त्यांचीच मुलगी. हे मलाही पटत होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

पाळकसाहेबांनी सोपी वाट काढली. “अहो भाऊ, तुमच्या मुलीला कोण अडवतंय? एक तळटीप टाकू.” पपा तयार झाले नाहीत. पंचाच्या मुलीला तळटीप, आणि वारज्याहून दोन बस बदलून येणाऱ्या एका बाईंच्या तशाच न बोलणाऱ्या मुलाला? कलम खरं असेल तर ते माझ्या घरातही खरं, असं ते म्हणाले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं,

“मग त्या रविवारी तिला कुठे बसवू? बाहेर स्कूटरींपाशी?”

पपांनी कलम बदललं नाही. त्यांनी ताईला बदलायला घेतलं. रोज चहानंतर ते तिला समोर बसवत. म्हण, येशू माझा प्रभू. ताई म्हणायची, माझं. पपा पुन्हा सांगत, हळू, जराही न रागावता. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ताईचे ओठ त्या नावाभोवती जुळायचे, पण आवाज यायचा नाही. मी दारात उभी राहून ऐकायचे, आणि मीही मनात हेच म्हणत होते, म्हण गं, एकदा म्हण, म्हणजे सुटलो सगळे. हळूहळू ताई चहा अर्धाच टाकून उठू लागली. मग तर जिन्यात पपांची चप्पल वाजली की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून घ्यायची.

मी दुकानात कलमाविरुद्ध एक पत्रक जुळवलं. चांगलं जहाल होतं. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, “झकास. वाटायला वडिलांनाच पाठवणार का?” ते पत्रक अजून माझ्या खणात आहे.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. जुनंच निवेदन लागू होतं, ताईला कुणी अडवणार नव्हतं. आमच्या बाजूचं तबक पपांच्या हातात होतं. ते आमच्या बाकापाशी येऊन थांबले. ताईने तबकाकडे पाहिलं, पपांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

तिला एवढं कळलं होतं, की आधी काहीतरी म्हणावं लागतं, आणि ते आपल्याला येत नाही.

पपांनी तबक आणखी खाली केलं. “घे बाळा,” ते म्हणाले. “काही म्हणायचं नाही. घे.”

“नको,” ताई म्हणाली. तो शब्द तिला येत होता.

मागचे बाक थांबले होते. पेटी वाजवणाऱ्याने संपलेलं कडवं पुन्हा धरलं. शेवटी पपा पुढे गेले. उपासना संपली तरी ताई जागची उठली नाही. रिकामे पेले बाकांवर तसेच राहिले होते. ते पपांनी गोळा केले. पाळकसाहेब मदतीला आले, तर त्यांना नुसत्या हाताने बाजूला केलं.

मंडळीच्या वार्षिक सभेत पपा स्वतःच्याच कलमाविरुद्ध बोलायला उभे राहिले. “भाऊ, शब्द तर तुमचेच आहेत,” असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

“हो,” पपा म्हणाले. “म्हणूनच सांगतो. लिहिताना मी कुणाकडे बघतच नव्हतो.”

पुढे त्यांना सांगायचं होतं, की माणूस देवाला धरतो त्याच्या आधी देवाने माणसाला धरलेलं असतं. पण ते नीट मांडता आलं नाही. आयुष्यभर पत्रकं लिहिलेला माणूस मधेच अडकला, मागचं वाक्य पुन्हा म्हणू लागला, आणि लोक घड्याळं बघू लागले. वेबसाइटवाला मुलगा, तो वाईट नाही, नम्रपणे म्हणाला, की अंकल, सगळंच सैल सोडलं तर आपण मानतो तरी काय, हे बाहेरच्याला कळणार कसं? त्याच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडेही नाही. पण ते उत्तर ताईकडून वसूल करायचं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

निर्णय लागला नाही. कलम पंथाच्या सगळ्या मंडळ्यांकडे मतासाठी गेलं आहे. ज्या-त्या मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेत हात वर होतील. वेबसाइटवर त्या पानाच्या जागी नुसतं ‘लवकरच’ असं लिहिलेलं आहे. पपांनी शिकवणी केव्हाच बंद केली. तरी पुढच्या प्रभुभोजनालाही ताईचे हात ओढणीखालीच होते, आणि त्याच्या पुढच्यालाही. आई तुकडा तिच्या तोंडाशी नेते, ती तोंड फिरवते. कलम मंजूर व्हायचं आहे, पण तिने ते पाळायला सुरुवात केली आहे. आता ते नामंजूर झालं, तरी तिला ते कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं?

तुमच्या मंडळीतही तो मसुदा येईल, कदाचित आलाही असेल. त्याच्या बाजूने हात वर करा किंवा विरुद्ध करा, ते मी सांगणार नाही. त्याआधी फक्त एक करा. पुढच्या प्रभुभोजनाला तुमचा नेहमीचा बाक सोडा आणि ज्याला बोलता येत नाही अशा कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. तबक आलं की ते आधी त्याच्यापुढे धरा. काही विचारू नका. हात बाहेर यायला वेळ लागला तर लागू द्या. मागचे बाक थांबतील.