पालेर्मोची तिसरी प्लेट

पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आपापला डबा आणायचं जेवण, करणाऱ्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे दुसऱ्यांचे डबे आणि दुसरी म्हणजे किस्से. डब्याचं एक बरं असतं, झाकण हरवलं की तो टाकून देता येतो. किस्सा मात्र या घरून त्या घरी फिरत राहतो, आणि प्रत्येक घरी त्यात थोडा मसाला वाढतो. आम्ही इटलीहून न्यूझीलंडला, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला परत आल्यापासून तर दर शनिवारी कोणी ना कोणी एखादा किस्सा गरम करून वाढतंच. म्हटलं, फार पातळ व्हायच्या आत आपणच सांगून टाकावेत.

मंडळी फार नाहीत. मी सुजाता, माझा नवरा प्रशांत, आणि आमचे मित्र अभय आणि मुग्धा. शिवाय आमची चौदा वर्षांची रिया, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच बाहेर पडतं. अभय-मुग्धा पुण्याच्या पेठेतले, आम्ही पिंपरीचे बौद्ध. याबद्दल आमच्यात कधी बोलणं होत नाही, कारण आम्ही सगळे फार मॉडर्न आहोत.

ट्रिपची आयडिया अभयची. "इटलीत जाऊन नुसता पिझ्झा खाणारे वेगळे. आपण प्रत्येक गावी तिथलाच खास पदार्थ खायचा. आणि इंडियन रेस्टॉरंटचं नाव काढायचं नाही." त्याने स्प्रेडशीट केलं, फूड टूर बुक केली. तिसऱ्या दिवशी मी हॉटेलात त्यांच्या खोलीचं दार वाजवलं, तर साहेब पलंगावर मांडी घालून मेतकूट-भात खात बसलेले. भात रिसोटोचा उरलेला, मेतकूट त्याच्या सासूबाईंचं.

"हे रेस्टॉरंट नाहीये," अभय म्हणाला.

*

आमची गाईड लोरेन्झा. हसरी बाई, पण तिचा एक नियम कडक होता. आधी खायचं, मग विचारायचं. "नाव आधी ऐकलं की जीभ चव घेत नाही," असं ती म्हणायची. मुग्धा अंड्यापलीकडे जात नाही, त्यामुळे तिला सूट होती. बाकीच्यांना नाही.

बोलोन्यात तिने आम्हाला पास्ता लाटायला नेलं. शिकवणाऱ्या बाईंनी हातभर लांब लाटणं दिलं आणि गोळा टेबलभर पसरायला सांगितला. मी आणि मुग्धा, दोघी जन्मभर पोळ्या लाटलेल्या. दोघींचा हात वीतभर गोलाच्या पुढे जाईना. बाई पुन्हापुन्हा "मोठं, मोठं" म्हणायच्या आणि आम्ही नव्याने एक सुबक पोळी लाटून ठेवायचो.

प्रशांतने लग्नाला सोळा वर्षं झाली तरी लाटणं हातात धरलेलं नव्हतं. त्याने असा काही पातळ, टेबलभर तलम पडदा लाटला की बाईंनी त्याच्या गालाचा मुका घेतला. तो इतका खूश झाला की स्वतःचा फोटो काढून त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला.

परत आल्यापासून आमच्या घरी पोळ्या तो करतो. रियाने फोटो फ्रीजवर लावलाय, नाही म्हणायची सोयच नाही.

*

रोज संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल यायचा, पिंपरीहून. पहिला प्रश्न, "आज काय खाल्लं?" आणि शेवटचा, "तुझ्या मंडळींना सांगितलंस का माझ्या वजडीचं?"

आई नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे येणार होती. पहिल्यांदाच. आल्यावर माझ्या मित्रमंडळींना आपल्या हातची वजडी, म्हणजे बकऱ्याच्या आतड्यांचं कालवण, खाऊ घालायची, हे तिने व्हिसा यायच्या आधीच ठरवलं होतं. आमच्या गल्लीत रविवारी तिची वजडी शिजायला लागली की चार दारं उघडायची. तिच्या मते जगात अजून न उघडलेली दारं तेवढी उरली होती.

मी दरवेळी म्हणायचे, "बघू."

त्याला कारण होतं. खूप वर्षांपूर्वी, आम्ही हटमध्ये नवे असताना, अभय आणि मी सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. मीटच्या फ्रीजपाशी वजडीचा ट्रे बघून तो म्हणाला, "ई, हे पण विकतात? कोण खातं गं असलं?" माझा हात त्याच ट्रेकडे निघाला होता. तो मी तसाच वळवला, पुढच्या रांगेत गेले आणि काबुली चण्याचे डबे उचलले. तेव्हापासून प्रत्येक पॉटलकला मी छोले नेते. माझे छोले फेमस आहेत.

अभय वाईट माणूस नाही. प्रशांतच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलात बसला होता. त्याला ते वाक्य आठवतही नसेल. पण आईच्या हातचं भांडं समोर असताना तो पुन्हा "ई" म्हणाला असता, तर आमची मैत्री तिथेच संपली असती. आणि मला मित्र काही ढिगाने नाहीत.

*

पार्म्याजवळ आम्ही चीजचा कारखाना बघायला गेलो. छतापर्यंत रॅक, आणि त्यावर गाडीच्या चाकाएवढी चीज. लोरेन्झा आत शिरली, आम्ही मागे. प्रशांत दारातच थांबला.

प्रशांत वेलिंग्टनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. त्याने रॅककडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "याला ब्रेसिंग कुठे आहे? तिरके आधार?"

लोरेन्झाला कळेना. मी समजावलं की आमचं वेलिंग्टन भूकंपाचं गाव, आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये गेलो तरी आधी कुठल्या टेबलाखाली शिरायचं ते बघून ठेवतो. तिने हे चीजवाल्या काकांना सांगितलं. काका गंभीर झाले. एकदा भूकंपात अशीच चाकं पडली होती म्हणाले. मग ते आणि प्रशांत दोघं मिळून मोबाईलवर ब्रेसिंगची चित्रं काढत बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आम्ही बाहेर उन्हात ताटकळलो, आणि चीजची चव घ्यायची राहूनच गेली.

"बेस्ट डे," प्रशांत बसमध्ये म्हणाला.

*

सिएनात जेवायला बसलो तर पाव अळणी. मुग्धाने वेटरला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की भटारखान्यात कोणीतरी मीठ विसरलंय. वेटर छाती काढून म्हणाला, आमचा पाव पिढ्यान् पिढ्या असाच.

"पिढ्यान् पिढ्या विसरतायत," मुग्धा मराठीत म्हणाली, आणि तिने पर्समधून लसणीची चटणी काढली.

पाच मिनिटांत शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजोबांनी खुणेनं चटणी मागितली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. शेवटी वेटरनेही पावाचा तुकडा बुडवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा बुडवला. अभय कपाळाला हात लावून बसला होता. स्प्रेडशीटमध्ये चटणीला कॉलमच नव्हता.

*

शेवटचं गाव पालेर्मो. लोरेन्झा आम्हाला बाजारातल्या एका गाडीपाशी घेऊन गेली. निखाऱ्यांचा धूर, लांबलचक रांग, आणि जाळीवर कांद्याच्या पातीभोवती काहीतरी गुंडाळून भाजायला ठेवलेलं. माणूस ते कचाकच कापायचा, वर मीठ आणि लिंबू.

मला बघायचीही गरज पडली नाही. वासानेच मी पिंपरीत पोचले.

"आधी खा," लोरेन्झा म्हणाली. अभयने खाल्लं, डोळे मिटले. "हे... हे काय आहे यार!" आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या प्लेटसाठी रांगेत पळाला. तो रांगेत असताना लोरेन्झाने आम्हाला सांगितलं. कोकराची आतडी. रिया म्हणाली, "कूल," आणि खात राहिली.

तो परत आला तेव्हा मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. त्याने दुसरीबरोबर तिसरी प्लेटही मागवली होती आणि मला ती चाटूनपुसून संपलेली बघायची होती.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "सांगितलंस का?"

"बघू," मी म्हणाले. पण या वेळी जरा हसून.

*

नोव्हेंबरात आई आली. पहिल्याच शनिवारी पॉटलक, मुग्धाच्या घरी. आईने मला विचारलंच नाही. सकाळी प्रशांतला घेऊन हलाल बुचरकडे गेली, वजडी आणली, गरम पाण्याने चार वेळा धुतली आणि शिजायला टाकली. मी शेजारच्या शेगडीवर छोले ठेवले. असू देत म्हटलं.

मुग्धाच्या टेबलावर छोले मधोमध मांडले, आणि आईचं भांडं झाकणासकट कोपऱ्यात, सॅलडच्या मागे.

सगळे बसले. अभय आईच्या शेजारी बसून तिला इटली वाढायला लागला.

"मावशी, पालेर्मोला जे खाल्लं ना, कांद्याच्या पातीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं, वर लिंबू. तीन प्लेटी खाल्ल्या मी. आपल्याकडे असलं काही नाहीच."

"कशाचं असतं ते?" आईने विचारलं.

"लॅम्ब." मग तो जरा थांबला. "कुठला भाग होता गं, सुजाता? लोरेन्झाला विचारायचंच राहिलं."

रियाने फोनमधून मान वर केली नाही.

"इन्टेस्टाइन्स, अभयकाका. शी टोल्ड अस. यू वर इन द लाईन."

"म्हणजे वजडीच की," आई म्हणाली.

"नाही हो मावशी, ते इटालियन..."

"मेंढरू इटालियन असेल. आतडं तेच."

मुग्धाचा डाव हवेतच राहिला. आई उठली, सॅलड बाजूला सारून तिने भांडं काढलं, वाटी भरली आणि लिंबाची फोड ठेवून ती अभयपुढे सरकवली.

"त्यांनी नीट धुतली होती का?"

"माहीत नाही, मावशी."

"मी धुतलीय."

अभयने वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्याने लिंबू उचललं.

त्या रात्री मुग्धाच्या वाटीपुरते सोडले तर माझे छोले जसेच्या तसे घरी परत आले.