गेट लावणार कोण?

“साळवी, तुमचं गेट आजपण उघडंच राहिलंय,” सुहास मयेकर फोनवर म्हणाले. “गुरं आत आली. जास्वंद खाल्ली.”

“सगळी?” मी विचारलं.

“सगळी काय नि अर्धी काय, फरक काय पडतो?”

फरक पडतो. जास्वंद किती खाल्ली यावरून गेट किती वेळ उघडं होतं त्याचा अंदाज येतो. पण तापलेल्या गिऱ्हाइकाला हे समजावायला जाऊ नये, एवढं मी धंद्यात शिकलोय. ‘येतो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

रत्नागिरीत एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, शेड, जिने आणि गेटं. गेट उघडत नाही, गेट कुरकुरतं, गेट गंजलं, या तक्रारी रोजच्या. पण मयेकरांचं गेट मी समोर असलो की शहाण्यासारखं उघडायचं, शहाण्यासारखं बंद व्हायचं. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरतो, तसला प्रकार. दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा मयेकरवहिनींनी चहा दिला आणि दोन्ही वेळा गेटाने माझ्यासमोर काही केलं नाही.

मुळात ती जागाच वाकडी. मयेकरांचा प्लॉट तळताना मोडलेल्या शंकरपाळीसारखा आहे. एक कोपरा रस्त्याला तिरका टेकतो, तेच गाडी आत घ्यायचं तोंड. तिथून वाट चढत जाते आणि मध्येच वळते. त्यामुळे घरातून गेट दिसत नाही आणि गेटातून घर दिसत नाही. तोंडाच्या उजवीकडे लाइटचा खांब, डावीकडे चिऱ्याची भिंत, आणि तीही थोडं जाऊन वळते.

जुनं गेट एका पाखाचं, म्हणजे एकाच झडपेचं होतं, आत उघडणारं. आत चढ असल्यामुळे ते जमिनीला घासायचं, म्हणून कुणीतरी खालून कापून उंच केलेलं. खालच्या फटीतून कुत्री जायची, वरून गेट बंद असायचं. उघडलं की पाख स्वतःच्या वजनाने परत उताराला यायचं, म्हणून त्याला चिऱ्याचा तुकडा लावून ठेवायचे. गेल्या पावसाळ्यात तो तुकडा शेवाळावरून सरकला. पाख परत आलं ते थेट अण्णांच्या अंगावर. ते पडले, मनगट मोडलं.

अण्णा म्हणजे सुहासरावांचे वडील. नोकरीची शेवटची बरीच वर्षं दाभोळच्या फेरीबोटीवर गेली. बोट धक्क्याला लागली की पुढचा लोखंडी रॅम्प खाली येतो, त्याच्यावरून गाड्या चढतात. त्या गाड्यांना हातवारे करत इंच इंच आत घेणारा जो माणूस असतो, ते अण्णा. सगळ्या गाड्या चढल्या की मागे-पुढे बघून ते हात वर करायचे. मग रॅम्प उचलायचा. हात वर झाल्याशिवाय बोट सुटत नसे.

बायको गेल्यावर अण्णा मुलाकडे रत्नागिरीत आले. सुहासराव बँकेत, मेघनावहिनी शाळेत. घरी करण्यासारखं काही नाही. गेट उघडणं, लावणं आणि गाडीला साइड दाखवणं ही कामं अण्णांनी स्वतःच्या अंगावर घेतली. कुणी दिली नव्हती.

मी माप घ्यायला गेलो तेव्हा माझ्या टेम्पोलाही त्यांनीच आत घेतलं. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं.

“येव दे, येव दे, डावीकडं काप, येव दे... बास!”

‘बास’ ऐकू आलं तेव्हा माझा बंपर भिंतीला टेकला होता. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणायचे, पिकू दे अजून. सुहासरावांच्या गाडीवर डाव्या अंगाला ओरखडे होते, सगळे अण्णांच्या मार्गदर्शनाखाली झालेले.

सुहासरावांनी मोबाइलवर गेटांचे फोटो दाखवले. गेटं सुंदर होती. एकाही फोटोत चढ नव्हता.

“मला काय पाहिजे ते एका वाक्यात सांगतो,” ते म्हणाले. “अण्णांना गेटपर्यंत यायलाच लागता कामा नये. परत पडले तर या वयात काय होईल, सांगायला नको.”

माणूस साधा, वडिलांच्या काळजीने अर्धा झालेला. मी कागद काढला.

आत उघडणारं गेट चढामुळे बाद. बाहेर उघडणारं गटारावर आणि रस्त्यावर जातं, तेही बाद. सरकतं गेट घ्यावं तर जितकं तोंड रुंद तितकी भिंत बाजूला सरळ लागते. इथे भिंत निम्म्यावरच वळते. एक प्रकारची बिजागरी असते, तिच्यावर गेट उघडता उघडता वर उचललं जातं. ती चढाला चालते, पण एवढ्या जड पाखाला मोटर लावली की ती रोज कुरकुर करणार. राहिलं टेलिस्कोपिक. म्हणजे दोन तुकड्यांचं सरकतं गेट. एक तुकडा दुसऱ्याच्या मागे जाऊन लपतो, त्यामुळे निम्मी जागा पुरते. खारी हवा म्हणून सगळं गॅल्व्हनाइज्ड. रूळ जरा उंचावर, खाली पाणी जायला वाट, नाहीतर पहिल्या पावसात लाल माती भरून गेट जाम.

सुहासराव खूश झाले. अण्णा इतका वेळ काठी टेकून ऐकत होते. त्यांनी मला एकच विचारलं.

“लावणार कोण?”

“आम्हीच लावणार,” मी म्हटलं. “फिटिंग आमचंच असतं.”

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. “रोज?”

मला वाटलं, सर्व्हिसिंगचं विचारतायत. “रोज कशाला? वर्षातून दोनदा येऊन बघू.”

ते काठी टेकत वळले. घराकडे निघून गेले.

गेट बसलं. रिमोट दाबला की उघडतं, गाडी गेली की थोड्या वेळाने आपोआप बंद. बंद होताना मध्ये कुणी सापडू नये म्हणून दोन बाजूंना समोरासमोर दोन डब्या असतात, त्यांना सेन्सर म्हणतात. त्यांच्यामध्ये न दिसणारा किरण असतो. किरणाच्या आड कुणी आलं की गेट थांबतं आणि परत उघडतं. असं बऱ्याचदा झालं की गेट नाद सोडतं आणि उघडंच राहतं, रिमोट दाबेपर्यंत. अण्णांचं वय बघून मी त्यातल्या त्यात भारी सेन्सर लावला होता.

तर गेट नेमकं हेच करत होतं. नाद सोडत होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा सेन्सरच्या काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसून आलो. दुसऱ्यांदा सेन्सरच बदलला. अण्णांनाही विचारलं होतं, सकाळी गेट उघडं असतं का म्हणून. “असतं उघडं,” ते म्हणाले. विचारलं तेवढंच सांगणारा माणूस.

जास्वंदीनंतर मी कुणाला न सांगता सकाळी गेलो. टेम्पो लांब लावला आणि समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो.

वहिनी आधीच शाळेत गेल्या होत्या. सुहासरावांची गाडी आली, गेट उघडलं, गाडी बाहेर पडून गेली. तेवढ्यात वळणावरून काठी टेकत अण्णा उतरले. मोकळ्या तोंडाच्या बरोबर मधोमध येऊन उभे राहिले. रस्त्याची एक बाजू बघितली, दुसरी बघितली, मागे वळून वाट बघितली. मग हात वर केला.

गेट जरासं हललं, थांबलं, परत उघडलं.

अण्णांनी परत दोन्हीकडे बघितलं. परत हात वर केला. गेट परत हललं, परत थांबलं. अण्णा गेट लागायची वाट बघत होते आणि गेट अण्णा बाजूला व्हायची. दोघंही सुरक्षिततेचे नियम पाळत होते. शेवटी गेटाने नाद सोडला. अण्णांनी त्यानंतर दोनदा हात वर केला आणि काठी टेकत चढ चढायला लागले. चढताना भिंतीला हात लावून थांबले, तेव्हा मी चहा तसाच टाकून उठलो.

मी धावत रस्ता ओलांडला. “अण्णा, तुम्ही कशाला येता खाली?”

“ह्या गेटाला काय समजत नाय हो,” ते म्हणाले. “मी बघतोय ना? मागं कोण नाय, पुढं कोण नाय. हात दिला तरी लागत नाय.”

“ते आपोआप लागतं, अण्णा.”

“न बघता?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘लावणार कोण’ म्हणजे फिटिंग कोण करणार असं त्यांनी विचारलंच नव्हतं. उघडलेलं गेट रोज लावणार कोण, हे विचारलं होतं. आणि मी त्यांना सर्व्हिसिंगचं वेळापत्रक ऐकवलं होतं.

संध्याकाळी सुहासरावांना सगळं सांगितलं. ते भडकले. घाबरलेला माणूस भडकतो तसे.

“अण्णा, घरात बसायला काय होतं तुम्हाला?”

“बसायला काय होत नाय,” अण्णा म्हणाले. “उठायला काय कारण?”

सुहासराव माझ्याकडे वळले. “सेन्सर काढून टाका.”

“काढला तर गेट त्यांच्यावर बंद होईल.”

“मग त्यांना सांगा, येऊ नका म्हणून.”

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

सुहासरावांनी वडिलांकडे बघितलं. सांगितलं काही नाही.

मग मी दुसरा कागद काढला. चढाच्या कडेने गेटपर्यंत पाईपचं रेलिंग. डाव्या खांबाशी, किरणाच्या बाहेर, चिऱ्याचा एक सपाट ओटा, काठी ठेवायला जागा असलेला. तिथून रस्ता दिसतो. खांबावर एक बटण. दाबून धरलं तर गेट बंद होत जातं, हात काढला की जागच्या जागी थांबतं. आमच्या धंद्यात याला ‘डेड मॅन स्विच’ म्हणतात, म्हणजे बटण धरणारा मेला तरी यंत्र थांबावं. मयेकरांकडे मी ते नाव उच्चारलं नाही. आपोआप बंद व्हायची सोय काढून टाकली.

“मग ऑटोमॅटिक घेतलं कशाला मी?” सुहासराव म्हणाले.

“उघडतं ना ऑटोमॅटिक. आणि अडीअडचणीला रिमोट आहेच.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “माझी एक अट आहे. अण्णा, आधी मोतीबिंदू. मग बटण.”

अण्णांनी रेलिंगचं चित्र परत एकदा बघितलं. “पिकलाय आता,” ते म्हणाले. रेलिंग रंगून व्हायच्या आत ऑपरेशन होऊन गेलं.

पुढे सर्व्हिसिंगला गेलो होतो. काम दुसऱ्या दिवशी झालं. निघताना टेम्पो गेटाशी आणला तर अण्णा ओट्यावर, काळा चष्मा लावून. तळहात माझ्याकडे उभा. मी थांबलो. रस्ता दोन्हीकडून रिकामा होता, मला दिसत होता. तरी थांबलो. आदल्याच संध्याकाळी, रिमोट किल्लीला लटकत असताना, सुहासराव तसेच थांबलेले मी बघितले होते. अण्णांनी दोन्हीकडे बघितलं, तळहात वळवला आणि मला सोडलं. आरशात बघितलं तर त्यांचा एक हात वर होता, दुसरा बटणावर, आणि गेट सावकाश लागत होतं.

तेव्हापासून साइटवर गेलो की मी गाडीची रुंदी नंतर विचारतो. आधी विचारतो, गेटावर कोण येतं? आणि नव्या फिटरला सांगतो, सेन्सर बिघडलाय असं वाटलं तर आधी त्याचं ऐकून घ्या. मयेकरांकडे मी एक सेन्सर बदलला, तो आजही वर्कशॉपमध्ये चांगला चालतो. तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, इथे माणूस आहे म्हणून.